मठाचं पातेलं आणि चौथा सबक

घर विकत घ्यायचं तर परीक्षा द्यावी लागते, आणि त्या परीक्षेत आपल्याच कचेरीचा चपराशी पहिला येतो नि आपण दुसरे, या दोन गोष्टी मल्लिनाथाला एकाच महिन्यात कळल्या. पहिली त्यानं पचवली. निजामाच्या नोकरीत सतरा वर्षं काढलेल्या माणसाला परीक्षेचं फारसं काही वाटत नाही. दुसरी मात्र घशात अडकली, ती आठवडाभर खाली उतरली नाही.

मल्लिनाथ उस्मानाबादच्या तहसिलीत, मुहाफिजखान्यात अहलकार होता. म्हणजे जुने दस्त जिथं फडक्याच्या बस्त्यांत बांधून ठेवतात त्या खोलीत बसायचं आणि मागेल त्याला त्याच्या घराच्या कागदाची नक्कल करून द्यायची. गावातल्या कुठल्या घराला किती खण, कुणाची भिंत सामाईक, कुणाच्या मोरीचं पाणी कुणाच्या अंगणातून जातं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. हजारभर घरं त्याच्या हातून गेली, त्यांतलं एकही त्याचं नव्हतं. तो, बायको शिवकांता आणि थोरली बहीण शांताक्का असे तिघं एका भाड्याच्या खोलीत राहत. आणि त्या खोलीच्या मालकाला लेकाच्या लग्नापायी ती खोली दोन महिन्यांत रिकामी हवी होती.

अशात त्याला अंजुमनचा शोध लागला. आयुष्यात पहिलंच घर घेणाऱ्या माणसाला किमतीचा पाऊण हिस्सा उसना देणारी ही मंडळी. नाव ‘अंजुमने इमदादे मकान’. नाव एवढं लांब की पाटीला दोन फळ्या जोडाव्या लागल्या होत्या. नेमक्या जोडावर पाणी मुरून ‘इमदाद’ हा शब्द पुसून गेला होता. इमदाद म्हणजे मदत. बाकी सगळं स्वच्छ वाचता येत होतं.

पैसा मिळायचा, पण आधी तालीम. चार शुक्रवारी चार सबक, मग परीक्षा. शिकवायला अंजुमनचे मोहतमीम, म्हणजे व्यवस्थापक, काझिमसाहेब. अंगात विटकी शेरवानी, आवाज बारीक, आणि नजर अशी की समोरच्यानं उगीच आपली टोपी नीट करावी. त्यांचं म्हणणं असं, की माणूस बैल घेताना दात बघतो, मडकं घेताना टिचकी मारतो, आणि घर घेताना नुसतं दार बघून हरखतो. म्हणून पहिला सबक, माळवदावर घागर ओतून बघा. दुसरा, तुळईला ठोकून बघा. तिसरा, कागद वाचल्याशिवाय अंगठा करू नका. आणि चौथा सबक ते उभं राहून शिकवत.

“कागदावर आमची मोहर पडेपर्यंत त्या घरात चूल पेटवायची नाही. का? जिनं चूल पेटवली तिचा जीव तिथं गुंततो. तिला ते घर सोडवत नाही, आणि हे विकणाऱ्याला तिच्याआधी कळतं. मग तो भाव वाढवतो, आणि तुम्ही मुकाट्यानं देता. चूल म्हणजे कब्जा. ज्यानं आधीच कब्जा घेतला, त्याला अंजुमनचा पैसा नाही. खलास.”

मल्लिनाथानं हे सगळं वळणदार उर्दूत उतरवून घेतलं होतं. परीक्षेत प्रश्न आला, माळवदात पाणी कुठं मुरतं हे कसं ओळखाल? त्यानं दीड पान लिहिलं. त्याच्या शेजारी बसलेला चपराशी बिराप्पा याला लिहिता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी त्याला तोंडी विचारलं. बिराप्पा म्हणाला, “जितं गवात उगावतं तितं, साहेब.” त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले. वर काझिमसाहेब म्हणाले, “मुन्शीजी, तुमचंही बरोबर आहे, पण एवढं वाचेपर्यंत घर पडेल.” दुसऱ्या दिवसापासून बिराप्पा कचेरीत मल्लिनाथाला पाणी आणून देताना उगीचच छताकडं बघू लागला.

घर मिळालं तेलीगल्लीत. तीन खणांचं, वर माळवद, बाजूला आड. मालकीण गिरिजाबाई. मालक वारले होते, लेक सोलापूरच्या गिरणीत लागला होता, आणि म्हातारी मुगलाई सोडून इंग्रजी मुलखात चालली होती. मल्लिनाथानं पहिल्याच भेटीत माळवदावर घागर ओतली. पाणी मुरलं आणि बरोबर गिरिजाबाईच्या सांडग्यांच्या डब्यात उतरलं.

“घर घ्यायला आलाव का बुडवायला?” गिरिजाबाई ओरडली. पण मागाहून शिवकांता डब्यातले सांडगे एकेक करून पुन्हा उन्हात मांडत बसली, तेव्हा तिनं जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, “कल्यानप्पा आडत्या रोकडा घिऊन बसलाय. पर त्याला हितं सरकी भरायचीया. मला माझ्या घरात मान्सं पायजेत. मंगळवारी दुपारी माझी गाडी जुपनार. तवर तुमचा कागुद आला तर घर तुमचं. न्हाय आला तर सरकीचं.”

काझिमसाहेबांनी मुआयन्याला मंगळवारी सकाळी यायचं कबूल केलं होतं. घर बघायचं, मोजायचं, कागद लिहायचा, मोहर मारायची. सगळं असं नीट जुळून आलं होतं, की मल्लिनाथाला रविवारी रात्री झोप चांगली लागली. ती शेवटची.

सोमवारी पहाटेच शांताक्का मठातून आली ती मुहूर्त घेऊन. “सामींनी सांगितलंय. आज सकाळी ऊन उंबऱ्याला लागूस्तवर येळ चांगला हाय. उद्यापून अडीच म्हैने काय बी न्हाय.”

“कशाला चांगला?”

“दूध उतू घालायला! नव्या घरात दूध उतू गेल्याबिगर पाय ठिवायचा न्हाय, आपल्यात चालत न्हाय.”

मल्लिनाथ अंथरुणात उठून बसला. त्यानं तिला चौथा सबक सांगितला. पाठ होता तसा, एकही शब्द न गाळता. शांताक्कानं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, “तुझ्या साहेबाच्या घरी सोवळं-ववळं पाळत्यात का?” हा मुद्दा त्या सबकात कुठंच नव्हता.

तेवढ्यात शेजारचा अण्णाराव आला. अण्णाराव किराणा विकायचा आणि सल्ला फुकट द्यायचा. तो वडिलांच्या घरात जन्मला, त्याच घरात राहत होता, घर विकत घेण्याचा त्याला काडीचा अनुभव नव्हता. त्यामुळं त्याच्या सल्ल्याला कुठंच अडथळा येत नसे. “मल्लिनाथअप्पा, त्यात काय एवडं? साहेब उद्या येनार. आज दूध उतू घालायचं, चूल इजवायची, राख आडामागं टाकायची. हाय काय न् न्हाय काय! म्या गल्लीच्या तोंडाला बसतो. कुनी आलंच तर खोकतो.”

मल्लिनाथ ऐकणार नव्हता. सतरा वर्षांत त्यानं सरकारी नियमाच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं. पण मग शिवकांता खालच्या मानेनं म्हणाली, “अवं, चौदा वर्सांत चार खोल्या बदलल्या. भाड्याच्या घरात दूध उतू घालत न्हाईत, म्हनून म्या दर बारी पातेलं उतरवलं. एकदाच घालायचंय.”

यावर सबक नव्हता. मल्लिनाथानं टोपी घातली.

तेलीगल्लीत पोचल्यावर पहिलं संकट समोर आलं ते अण्णारावाच्या हौसेचं. नवं भांडं कशाला, मठाचं भांडं सगळ्यांत पवित्र, म्हणून तो मठातून पितळी पातेलं घेऊन आला होता. त्यात पन्नास माणसांची खीर शिजायची. शिवकांतानं आणलेलं चार शेर दूध त्यात ओतलं, तर ते पार तळाला राहिलं. सगळे वाकून बघत राहिले. “वर यायला लई लांब पडतंय,” गिरिजाबाई म्हणाली.

पण मठाचं भांडं एकदा विभूती लावून चुलीवर चढलं, की रिकामं करून परत कसं न्यायचं? शांताक्का हटून बसली. लाकडं बाभळीची आणि ओली. लढाईपायी रॉकेल बाजारातून गायब झालेलं. मल्लिनाथानं कोट काढून खुंटीला लावला, गुडघे टेकले आणि फुंकणी तोंडाला लावली.

पहिला जाळ धरला तोच गल्लीच्या तोंडाला खोकला. मल्लिनाथानं धडपडत लाकडं बाहेर ओढली, शिवकांतानं चुलीच्या तोंडावर सूप धरलं, सगळे श्वास रोखून उभे राहिले. कुणी आलं नाही. अण्णारावाला बिडीची सवय होती, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लाकडं आत घातली. पुन्हा फुंकणी. दूध कोमट होतंय तोच पुन्हा खोकला, पुन्हा लाकडं बाहेर, पुन्हा सूप. तिसऱ्या वेळी मल्लिनाथाचा अंगठा भाजला. बाहेर ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून रस्त्यावर आलं होतं आणि उंबऱ्याकडं सरकत होतं. दुधावर साय धरत होती, पण वर यायचं नाव नव्हतं.

चौथ्यांदा खोकला आला. चांगला लांबलचक, जीव तोडून काढलेला खोकला.

“खोकू द्या मेल्याला,” शांताक्का म्हणाली. “तू फुक.”

मल्लिनाथानं डोळे मिटून छाती भरून घेतली आणि फुंकलं. जाळ भडकला. त्यानं डोळे उघडले, तेव्हा चुलीपुढं शेरवानीची सावली पडली होती. दारात काझिमसाहेब उभे होते. त्यांच्यामागं मोजायची साखळी खांद्यावर घेऊन बिराप्पा, साक्षीदार म्हणून आणलेला, कारण साक्षीला परीक्षेत पहिला आलेलाच माणूस लागे. आणि त्याच्यामागं अण्णाराव, पाहुण्यांना वाट दाखवावी तशा अदबीनं.

“उद्या हैदराबादेहून बडे साहेब येतायत,” काझिमसाहेब सावकाश म्हणाले, “म्हणून म्हटलं मुआयना आजच उरकावा.” त्यांची नजर पातेल्यावरून चुलीवर, चुलीवरून मल्लिनाथाच्या काळ्या झालेल्या तोंडावर आली. “मुन्शीजी. चौथा सबक?”

मल्लिनाथ उभा राहिला. हातात फुंकणी तशीच. आणि शाळेतल्या पोरासारखा, बिराप्पाच्या देखत, त्यानं सबक म्हणून दाखवला. “चूल म्हणजे कब्जा. ज्यानं आधीच कब्जा घेतला, त्याला अंजुमनचा पैसा नाही.” ‘खलास’ म्हणायचं धैर्य त्याला झालं नाही.

गिरिजाबाई पुढं झाली. “साहेब, चूल माझी हाय. दूध माझं. ही माझी पाव्हनी हायती.”

काझिमसाहेबांनी मल्लिनाथाकडं बघितलं. “खरं?”

एक ‘होय’ म्हटलं असतं तर घर मिळत होतं. मल्लिनाथानं सतरा वर्षं लोकांच्या जबान्या नकलल्या होत्या. खोट्या जबानीत कधी खाडाखोड नसते हे त्याला ठाऊक होतं, आणि तशी एखादी हाती आली की त्याला दिवसभर जेवण गोड लागत नसे. त्यानं शिवकांताकडं बघायचं टाळलं.

“चूल त्यांची आहे, साहेब,” तो म्हणाला. “दूध आमचं.”

शिवकांतानं पदर तोंडाला लावला. काझिमसाहेबांनी काखेतली वही उघडलीच नाही. “बहोत अफसोस,” ते म्हणाले आणि वळले.

आणि मग शांताक्का भडकली. साहेबांवर नव्हे, दुधावर. “अवो, कसला कब्जा न् कसलं काय! सकाळधरनं फुकतोय, हे मेलं वर येईना! दूध उतू गेल्याबिगर घर आपलं व्हत न्हाय. त्ये गेलं असतं तर तुमी म्हना कब्जा. आमी अजून भाईरचीच हाव!”

काझिमसाहेब उंबऱ्यावर थबकले. परत आले. कमरेत वाकून त्यांनी पातेल्यात पाहिलं. पार खोल, तळाशी, दूध निवांत पडलं होतं.

“उतू गेल्याशिवाय घर तुमचं नाही?”

“न्हाय.”

“हा तुमचा पक्का रिवाज?”

“माझ्या आज्जीपासनं.”

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. “सबक मीच लिहिलाय,” ते म्हणाले. “त्यात चूल घरमालकाची की घेणाऱ्याची, हे लिहायचं राहिलं. चूल यांची. कब्जा दुधानं होतो, आणि दूध अजून भांड्यात आहे. मी मुआयना लिहितो. मोहर पडेपर्यंत दूध आत राहिलं, तर कब्जा नाही. बाहेर आलं, तर आहे, आणि तसं लिहावं लागेल. मी डोळे मिटून लिहिणारा माणूस नाही.”

ते पाटावर बसले, कलमदान उघडलं, आणि बिराप्पा साखळी टाकून खण मोजू लागला. त्याच क्षणी तासभर रुसलेली ओली बाभूळ चटचट पेटली. मल्लिनाथाच्या शेवटच्या फुंकरीनं काम केलं होतं. दूध हललं. कडेनं बुडबुडे आले. साय मधोमध फुगली.

“अक्का, उतरवू?” मल्लिनाथ कुजबुजला.

“खबरदार! चढवलेलं दूध उतू गेल्याबिगर उतरवत न्हाईत. पानी बी मारायचं न्हाय. जाळाला बी हात लावायचा न्हाय आता.”

मग बघण्याशिवाय काही उरलं नाही. सकाळपासून ज्या दुधाला सगळे विनवत होते, त्याच्याकडं आता हात जोडून ‘थांब’ म्हणत उभे राहिले. दूध चढू लागलं. पाव पातेलं. काझिमसाहेबांचं अक्षर देखणं होतं, म्हणजे फार सावकाश होतं. प्रत्येक नुक्ता, म्हणजे टिंब, ते जागा बघून देत. अर्धं पातेलं. “मशरिकेला, म्हणजे पूर्वेला काय?” त्यांनी विचारलं.

“पूर्वेला तेल्याचा घाना,” अण्णाराव पुढं सरसावला. “न्हाय, घाना पैला व्हता. आता त्येच्या मेव्हन्यानं तितं गोठा केलाय. थांबा, गोठा उत्तरंला का...”

साहेबांनी कलम उचलून धरलं. दूध पाऊण पातेल्यावर आलं.

सतरा वर्षांत मल्लिनाथाचा आवाज मुहाफिजखान्याच्या भिंतीबाहेर गेला नव्हता. तो त्या दिवशी अख्ख्या तेलीगल्लीनं ऐकला. “पूर्वेला सामाईक भिंत! पश्चिमेला सरकारी रस्ता! उत्तरेला गोठा, दक्षिणेला आड, आडात दोन्ही घरांचा हक्क! बस्ता एकशे चार, कागद सोळावा! लिहा, साहेब!”

साहेबांनी चमकून वर बघितलं, आणि लिहिलं. भराभर लिहिलं. बिराप्पानं साक्षीचा अंगठा उठवला. गिरिजाबाईनं उठवला. मल्लिनाथानं सही केली. दूध काठाखाली दोन बोटांवर आलं होतं, एक बोटावर आलं होतं. मठाचं ते अवाढव्य पातेलं नसतं तर ‘मशरिक’ लिहितानाच सगळं संपलं असतं, हे मल्लिनाथाला तेव्हा कळलं आणि त्यानं मनातल्या मनात अण्णारावाला माफ केलं. काझिमसाहेबांनी शेरवानीच्या खिशातून मोहर काढली, तिच्यावर तोंडाची वाफ सोडली, आणि दाबली.

“मुबारक,” ते म्हणाले.

शिवकांता रडू लागली. आणि दूध खाली बसलं. लाकडं जळून गेली होती.

“ऊन!” शांताक्का ओरडली. उन्हाची कड उंबऱ्यापासून वीतभर राहिली होती. कागद झाला होता, घर झालं होतं, पण दूध जिथल्या तिथं होतं. मल्लिनाथानं फुंकणी उचलली. पण त्याच्या छातीत आता हवाच नव्हती. नुसता भाता वाजला. अण्णारावानं फुंकणी घेतली आणि राखेत खोकला. शांताक्काला दमा होता.

गिरिजाबाई गुपचूप आत गेली आणि स्वतःसाठी ठेवलेलं शेरभर शेळीचं दूध घेऊन आली. ते तिनं पातेल्यात ओतलं, मोडक्या पाटाच्या फळ्या चुलीत सारल्या. “माझं बी हितंच उतू गेलतं,” ती म्हणाली. “चाळीस वर्सं झाली. आता तुमचं जाऊ द्या.”

फळ्या नुसत्या धुमसत होत्या. काझिमसाहेब कलमदान बंद करता करता थांबले होते. कागद शाई वाळायला पाटावर पसरलेला होता. ते उठले, चुलीपाशी आले आणि जरा संकोचून म्हणाले, “अक्का, आम्ही फुंकलं तर चालतं का? लोकांना घरं घ्यायला शिकवतो, पण आम्ही स्वतः भाड्याच्या खोलीत. आमच्याकडं दूध नेहमी भांड्यातच राहिलं.”

शांताक्कानं त्यांच्याकडं बघितलं. मग फुंकणी पदरानं पुसून त्यांच्या हातात दिली. “फुका, साहेब. जोरात फुका.”

साहेबांनी शेरवानी आवरून गुडघे टेकले. त्या बारीक माणसाच्या छातीत एवढी हवा कुठून आली कोण जाणे. फळ्या भक्कन पेटल्या. दूध पुन्हा चढलं, पाव, अर्धं, पाऊण, काठाशी आलं, तिथं क्षणभर थरथरलं, आणि उन्हानं उंबऱ्याला हात लावायला आणि दुधानं काठ ओलांडायला एकच गाठ पडली. चुलीत चर्र झालं. दूध चहूबाजूंनी उसळलं, शिंतोडे साहेबांच्या दाढीवर उडाले, पाटावर उडाले. शिवकांता हसत होती का रडत होती, ते धुरात कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरिजाबाईची गाडी निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत ती मागं बघत होती.

तीन आठवड्यांनी तो दस्त रीतीप्रमाणे मुहाफिजखान्यात दाखल झाला. बिराप्पानं तो आणून मल्लिनाथापुढं ठेवला, छताकडं न बघता. नक्कल करायची होती. मल्लिनाथानं नवा टाक घेतला, आणि मालकाच्या रकान्यात सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. मग रिवाजाप्रमाणे शेऱ्याचा रकाना आला. मूळ कागदावर खाडाखोड, भोक किंवा डाग असेल तर नक्कल करणाऱ्यानं तो तिथं नोंदवायचा असतो. मूळ कागदाच्या कोपऱ्यात, मोहरेच्या शेजारी, दोन पिवळट ठिपके होते.

त्यानं लिहिलं, ‘असल कागदावर दोन डाग.’ टाक ठेवला. पुन्हा उचलला, आणि कुठल्याही नियमात नसलेला एक शब्द पुढं जोडला.

‘दुधाचे.’